‘हो’ किंवा ‘नाही’, पण वेळेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्थलांतर आणि आश्रय या विषयावर गेले काही आठवडे आपल्या अंकात वाचकांची पत्रे येत आहेत. मी ती सगळी वाचली. एक बाजू म्हणते दार लावून घ्या, दुसरी म्हणते माणुसकी दाखवा. किती आले, किती येऊ द्यायचे, एवढ्यावरच दोघांचा वाद दारापाशी अडला आहे. आत आलेल्या माणसाचे पुढे वर्षानुवर्षे जे भिजत घोंगडे पडते, त्याबद्दल एकाही पत्रात ओळ नाही. माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. त्या माणसाचे होते आणि त्याला ठेवून घेणाऱ्या देशाचेही होते.

हे मी ऐकीव सांगत नाही. परदेशात असताना काही वर्षे मी आश्रयाच्या मुलाखतींना हिंदी-उर्दूची दुभाषी म्हणून बसत असे. कोणाची ओळख पटेल असे काही इथे लिहीत नाही, पण एक प्रसंग सांगते. अधिकाऱ्यापुढे दोन जबाब होते. पहिला तो माणूस देशात आल्याच्या आठवड्यात घेतलेला, दुसरा त्याच दिवशी लिहिला जात होता. मधे तीन वर्षे गेली होती. “पहिल्या वेळी तुम्ही म्हणालात ते लोक रात्री आले. आज म्हणता पहाटे. नक्की काय?” तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “अंधार होता.” मी तेवढेच दोन शब्द पोचवले. मग दार कोणत्या बाजूला उघडत होते, भाऊ कुठे उभा होता, असे प्रश्न आले. भावाचे नाव निघाल्यावर त्याने खिशातून राहण्याच्या तात्पुरत्या परवान्याचा कागद काढला आणि उगाच उलगडून टेबलावर ठेवला. घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा शिक्का पडून पडून त्यावर नव्या शिक्क्याला जागाच उरली नव्हती.

तीन वर्षांनी कोणालाही असे खोदून विचारले, तर जबाबात फरक निघणारच. खरे सांगणाऱ्याचाही निघतो. पाठ करून आलेल्याचा मात्र अनेकदा निघत नाही. उशिरामुळे छाननी कडक होते असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

आपल्या पत्रलेखकांनी निर्वासित, आश्रयार्थी, स्थलांतरित आणि घुसखोर हे चारही शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत. निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 28 जुलै 1951 रोजी जिनिव्हात झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटातले असणे किंवा राजकीय मत, यांपैकी एखाद्या कारणाने छळ होण्याची सार्थ भीती असलेला आणि आपल्या देशाबाहेर पडलेला माणूस त्यानुसार निर्वासित ठरतो. मुळात तो करार 1 जानेवारी 1951पूर्वीच्या घटनांपुरता होता. ती मर्यादा 1967च्या पूरक कराराने उठली. गरिबी या कारणांत नाही. चांगल्या पगाराची आशाही नाही. म्हणजे अर्ज करणारा प्रत्येक जण पात्र ठरत नाही, ठरूही नये. पण जिथे जीव धोक्यात आहे तिथे परत धाडायचे नाही, हे कलम 33 सांगते. म्हणून अर्ज तपासल्याशिवाय कोणाला परत पाठवता येत नाही. अर्ज केला आणि निकाल लागलेला नाही, असा माणूस म्हणजे आश्रयार्थी. तो धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही.

‘लोंढा’ हा शब्दही बराच वापरला गेला. 2024च्या अखेरीस जगात सक्तीने विस्थापित झालेले लोक 12 कोटी 32 लाख होते, असे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था सांगते. त्यांतले निम्म्याहून अधिक स्वतःच्याच देशात कुठेतरी आहेत.

आता टांगणीवरच्या त्या वर्षांकडे येते. ब्रिटनमध्ये आश्रयार्थ्याला निकाल रखडून बारा महिने होईपर्यंत कामाच्या परवानगीचा अर्जही करता येत नाही आणि परवानगी मिळाली तरी ठरावीक यादीतलेच काम. युरोपीय संघाच्या 2013च्या नियमात कमाल मुदत नऊ महिने होती, 2024च्या नव्या नियमांत ती सहा महिने केली आहे. अमेरिकेत 180 दिवस, पण तिथल्या स्थलांतर न्यायालयांत तुंबलेली प्रकरणे तीस लाखांच्या पुढे गेली आहेत. आपल्या एका पत्रलेखकांनी लिहिले आहे की हे लोक आयते बसून खातात. मी भेटलेल्या माणसांत गवंडी होते, शिंपी होते, एक परिचारिका होती. काम करू नका असे सरकारनेच लेखी कळवलेल्या माणसाला आळशी म्हणणे मला सहन होत नाही. धडधाकट माणूस दोन वर्षे हातावर हात धरून बसला की त्याचे कसब जाते, भाषा शिकण्याचे कारण जाते आणि हळूहळू सकाळी उठण्याचे कारणही जाते. नंतर त्याच माणसाकडून आपण अपेक्षा करतो की त्याने समाजात मिसळून जावे.

दुसरी वाट नाही असेही नाही. युक्रेनमधून लोक बाहेर पडले तेव्हा युरोपीय संघाने 2001पासून नुसता कागदावर असलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम 4 मार्च 2022 रोजी पहिल्यांदा लागू केला. एकेकाची चौकशी नाही. राहण्याचा, काम करण्याचा, मुलांना शाळेत घालण्याचा हक्क सरसकट दिला गेला. चाळीस लाखांहून अधिक लोकांनी तो घेतला. देश तेच होते, कचेऱ्या त्याच होत्या. कोलंबिया काही श्रीमंत देश नव्हे, पण व्हेनेझुएलातून आलेल्यांना दहा वर्षांचा कायदेशीर दर्जा देण्याचा निर्णय त्या देशाने 2021मध्ये जाहीर केला.

जर्मनीचे उदाहरण मला जास्त बोलके वाटते, कारण तिथे चूक झाली आणि ती सुधारायला चाळीस वर्षे लागली. 1961मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले, काही वर्षांनी परत जातील या हिशेबाने. 1973मध्ये भरती बंद केली. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही हे दिसल्यावर बरेच जण थांबले आणि बायकामुलांना बोलावून घेतले. हे लोक इथलेच होणार हे मात्र राज्यकर्त्यांना फार काळ मान्य नव्हते. देशभर एकसारखा एकात्मता-वर्ग सुरू झाला तो 2005मध्ये. आज त्यात साधारणपणे 600 तास भाषा आणि 100 तास कायदा, इतिहास, समाजजीवन शिकवतात. तोवर एक पिढी कारखान्यातल्या मोडक्यातोडक्या भाषेवर म्हातारी झाली होती. भाषा नसली की काय होते ते मी दवाखान्यात पाहिले आहे. आईच्या पोटात नेमके कुठे आणि कसे दुखते, हे नऊ-दहा वर्षांचा मुलगा डॉक्टरांना समजावून सांगतो आणि आई लाजून अर्धे त्याच्यापासूनच लपवते.

काम करू दिले तर आणखी येतील, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण सहा महिन्यांत निकाल दिला तर कामाचा प्रश्नच उरत नाही. अर्ज मंजूर झाला तर तो हक्काने काम करेल, फेटाळला तर त्याला जावे लागेल. आणि फेटाळलेल्याला परत पाठवायचे असेल तर ते लवकरच शक्य असते. पाच वर्षांनी त्याची मुले इथल्याच भाषेत भांडू लागतात, मग कोणते न्यायालय त्यांना सहज उचलून पाठवू देईल?

ब्रिटनने आश्रयार्थ्यांना रवांडात पाठवण्याची योजना एप्रिल 2022मध्ये जाहीर केली. नोव्हेंबर 2023मध्ये ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, 2024मध्ये नव्या सरकारने ती गुंडाळली आणि सत्तर कोटी पौंड खर्च झाल्याचे सांगितले. तिकडे गेले चौघे, तेही स्वेच्छेने. एवढ्या पैशात किती तपास अधिकारी, किती न्यायाधीश आणि किती दुभाषी नेमता आले असते!

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. स्थलांतराची बातमी आली की किती जण आले हा आकडा आपण मथळ्यात देता. किती अर्ज किती महिन्यांपासून पडून आहेत, हा आकडाही त्याच बातमीत, त्याच ठळक टाइपात द्यावा.

कळावे,
आपली नियमित वाचक