आप्पांची जखम

वडगाव, बेळगाव

प्रिय सुध्या,

गणपतीत येऊन गेलास त्याला वर्ष होत आलं, आणि मी एक ओळ लिहिली नाही. माझी तब्येत बरी, गुडघा तसाच.

आप्पांच्या नडगीला ज्येष्ठात हातमागाच्या पावडीचा खिळा लागला. नखाएवढी जखम, श्रावण आला तरी भरत नाही. साखर नाही, रक्तपुरवठाही ठीक. डॉक्टर म्हणाले, "वय झालंय." इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवतोय, पण तो शब्द घशाखाली उतरेना. रोज पट्टी सोडतो. कडा फिकट, चकचकीत, जिथल्या तिथे.

कट्ट्यावरचं भांडण आठवतं? तू त्या कॅरेल शास्त्रज्ञाच्या बाजूनं: कोंबडीच्या हृदयाच्या पेशी बशीत मरतच नाहीत, म्हणजे म्हातारपण पेशीत नाही. मी हेफ्लिक आणि मूरहेडचा १९६१ चा प्रयोग काढला: माणसाच्या पेशी पन्नासेक वेळा विभागतात आणि थांबतात. दोन दिवस बोलला नाहीस की रे!

का थांबतात, ते मला कळलं आप्पांच्या मागावर. ताणा संपत आला की शेवटचं हातभर सूत विणताच येत नाही, मागं राहतं. गुणसूत्राची नक्कल होताना टोक तसंच सुटतं. दर विभाजनाला टेलोमिअर, म्हणजे ते टोकच, थोडं आखूड. फारच आखूड झालं की पेशी थांबते, पण मरत नाही. तिथंच बसून शेजारणींना दाह देणारी रसायनं सोडत राहते. पट्टी बांधताना वाटतं, त्या कडेला अशाच बसल्या असतील.

काकूंच्या वेळी दवाखान्याच्या पायरीवर तू विचारलंस, "ह्या पेशी थांबत का नाहीत?" आणि मी टेलोमरेजचं पुराण सुरू केलं. कर्करोगाच्या बहुतेक पेशी ते विकर चालू करून टोकं पुन्हा वाढवतात, १९८४ च्या नाताळात कॅरल ग्रायडर या संशोधिकेला ते डबक्यातल्या टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात कसं दिसलं, सगळं. तू उठून गेलास. चूक माझी होती, सुध्या. तुझ्याजवळ गप बसायला हवं होतं. आता मी उलटा प्रश्न घेऊन बसलोय. थांबणं ही कर्करोगाला घातलेली कडी, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. काकूंच्या पेशींनी जे करायला हवं होतं, तेच आप्पांच्या करताहेत, आणि मला ते सोसत नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आप्पा मजेत आहेत. काल पायालाच दम दिला, "लवकर भर की, अजून दोन लुगडी उतरायची हायत!" मग मला, "सुध्या असता तर निदान फुंकर घातला असता."

सोनूची बारावी कशी गेली? वहिनींचं दुकान चालतंय ना? पुण्यातला पाऊस सांभाळ.

परवा आप्पांनी नवा ताणा सांधायला घेतला. जुन्या सुताच्या एकेका टोकाला नवं टोक पिळून जोडायचं. दिसत नाही, म्हणून बोटांनी चाचपत करतात. दुपारभरात चारेक बोटं सांधून झाली, मला हात लावू देईनात. तुला देतील. गणपतीआधी दोन दिवस ये. तुझी खाट मागाच्या खोलीतच टाकतो.

तुझा,
बाळ्या