महिन्यात दहा किलो? आधी हिशेब पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की ‘एका महिन्यात दहा किलो कमी’ अशी पत्रके घरोघर येऊ लागतात. आहार आणि व्यायाम हे आमचे रोजचे काम असल्यामुळे या दाव्याचा हिशेब वाचकांसमोर ठेवावासा वाटतो. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात, म्हणजे दहा किलोत 77,000. तीस दिवसांत एवढ्या जाळायच्या तर रोज अडीच हजारांहून जास्त तूट पडायला हवी. बैठे काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियांची दिवसाची एकूण गरजच दोन हजारांच्या आसपास असते. महिनाभर नुसत्या पाण्यावर राहूनही दहा किलो चरबी जाणार नाही.

तरी काटा खाली येतो, कारण शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखर साठवते आणि तिच्याबरोबर सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते. खाणे एकदम तोडले की हा साठा आधी रिकामा होतो. पहिल्या आठवड्यात उतरलेले दीड-दोन किलो बहुतांशी तेच असते आणि नीट जेवायला लागल्यावर परत येते. उपासमार पुढे चालू ठेवली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध 1954 चा केंद्रीय कायदा आहे आणि त्याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग यांच्या पंक्तीला लठ्ठपणाही आहे. अमुक औषधाने लठ्ठपणा घालवतो, अशी जाहिरात करताच येत नाही, हे वाचकांना माहीत असायला हवे.

झेपेल अशी तूट म्हणजे रोज चारशे ते पाचशे कॅलरी. त्यातून आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत-बाहेर वजन उतरते. ही तूट शोधायची पहिली जागा आमच्या मते तेलाचा डबा. माणशी रोज 25 ग्रॅम तेल धरले तर चौघांच्या घराला महिन्याला तीन किलो, म्हणजे सव्वातीन लिटर पुरते. त्याच घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे 120 कॅलरी जास्तीच्या जात आहेत, आणि त्या ताटात दिसतही नाहीत. उपाय साधा आहे. रोज सकाळी मापाने 110 मिलिलिटर तेल छोट्या बाटलीत काढायचे. फोडणी, पोळीला लावायचे तेल, पापड तळणे, सगळे त्यातूनच. संध्याकाळी बाटलीत थोडेच उरले असेल तर भाजी झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची. अंदाजाने पळीने ओतले की हिशेब दोन दिवसांत सुटतो, म्हणून बाटली हवीच.

‘पोळी सोडली, भाकरी धरली, तरी वजन हलत नाही’ ही तक्रार नेहमीची आहे. 30 ग्रॅम कणकेच्या पोळीत सुमारे 100 कॅलरी असतात. 60 ग्रॅम पिठाच्या भाकरीत, मग ती बाजरीची असो वा नागलीची, 200. एक भाकरी म्हणजे दोन पोळ्या, हे धरूनच ती मोजायची. भाकरीला तेल लागत नाही आणि ती सावकाश चावून खावी लागते, हा तिचा खरा फायदा. पंधरा दिवस उंडा (पिठाचा गोळा) काट्यावर ठेवून पाहा, नंतर हातालाच वजन कळते.

कमी करताना प्रथिने मात्र कमी करू नयेत, उलट वाढवावीत. 70 किलोच्या माणसाला रोज निदान 70 ग्रॅम हवीत. घट्ट वरणाच्या वाटीत सात ग्रॅम मिळतात, पातळ वरणात निम्मीही नाहीत. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, 30 ग्रॅम सोयाबीन वड्यांत पंधरा. शाकाहारी घरात दोन्ही जेवणांत उसळ किंवा घट्ट वरण आणि शिवाय दही असल्याखेरीज हा आकडा गाठता येत नाही. उपवासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ स्टार्च, वर शेंगदाणे आणि तूप. मध्यम बशीत चारशे कॅलरी सहज होतात. भगरीच्या गिरण्या आपल्याच नाशिकमध्ये आहेत. भगर आणि ताक घेतले तर पोट भरते आणि कॅलरीही आटोक्यात राहतात. द्राक्षे वाटीत काढून घ्यावीत. पेटीतून उभ्या-उभ्या खाल्ली की अर्धा किलो सहज संपतात, म्हणजे साडेतीनशे कॅलरी.

आता व्यायाम. अर्धा तास भरभर चालल्याने सुमारे सव्वाशे कॅलरी खर्च होतात, तेवढ्या तीन छोट्या चमच्यांच्या तेलातून परत मिळतात. केवळ चालून वजन उतरवू पाहणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. तरीही आठवड्यात 150 मिनिटे चालावे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. रक्तदाब, साखर आणि उतरलेले वजन टिकवणे, या तिन्हींसाठी त्याचा उपयोग आहे. स्नायू राखायचे तर आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम लागतो. खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा उठबशा, भिंतीला हात लावून तितकेच जोर आणि पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन उचलणे. प्रत्येकाच्या तीन फेऱ्या. ज्यांचे वजन खूप आहे त्यांनी सुरुवातच पांडवलेणीच्या पायऱ्यांनी करू नये. चढताना दम लागतो म्हणून आपण थांबतो, पण उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो आणि दुखणे दुसऱ्या दिवशी कळते. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लबचे मैदान सहा आठवडे पुरे.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी पाहावे. कंबर टेपने मोजावी: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या वर गेली तर पोटात चरबी साठली आहे. खारट जेवण आणि पाळीचे दिवस काटा किलोभर वर नेतात, ती चरबी नव्हे. चार-सहा किलो उतरल्यावर वजन अडते, कारण हलक्या शरीराला कमी लागते आणि तोवर मापेही सैल झालेली असतात. अशा वेळी जेवण तोडू नये, आठवडाभर सगळे पुन्हा मोजावे.

इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये, साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी हे प्रयोग करूच नयेत.

शेवटी शहरातल्या मिसळवाल्यांना एक विनंती. मटकीची उसळ हा उत्तम नाश्ता आहे. भर पडते ती तर्रीचे तेल, शेव आणि पावांची. तर्री आणि शेव वेगळ्या वाट्यांत द्यावी, पाव मागितल्यावरच वाढावा आणि उसळीची जादा वाटी दरपत्रकात असावी. एवढे केले तर वजन उतरवणाऱ्या नाशिककरालाही रविवारी घरच्यांबरोबर मिसळ खायला येता येईल.

— नाशिकमधील काही आहारतज्ज्ञ व व्यायाम प्रशिक्षक