ज्येष्ठांसाठी नुसते चालणे पुरेसे नाही

महोदय,

ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्याविषयी जे काही छापून येते, त्याचा शेवट बहुधा ‘रोज नियमित चाला’ या सल्ल्याने होतो. निवृत्तीनंतर अकरा वर्षे मी तो निष्ठेने पाळला. रोज सकाळी चार किलोमीटर, पावसाळ्यात छत्री घेऊन. तरीही गेल्या वर्षी घरातच, एका पायावर उभा राहून पायजमा चढवताना माझा तोल गेला आणि मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्टने मला एका पावलाच्या पुढे दुसरे पाऊल, टाचेला अंगठा लावून, उभे राहायला सांगितले. सहा सेकंदांत मी भिंत धरली. चार किलोमीटर चालणारा माणूस दहा सेकंद स्थिर उभा राहू शकत नाही, हे तोवर माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

उभे राहणे ही वरकरणी काहीच न करण्याची गोष्ट वाटते, पण त्या वेळी शरीर सतत किंचित डोलत असते आणि डोळे, अंतर्कर्ण तसेच तळपाय व घोट्यांतील संवेदना यांच्याकडून येणाऱ्या सूचनांनुसार पोटऱ्यांचे आणि खुब्याचे स्नायू ते डोलणे क्षणोक्षणी सावरत असतात. वय वाढते तशा या संवेदना बोथट होतात, स्नायूंचा प्रतिसाद मंदावतो आणि डोळ्यांवरची भिस्त वाढते. म्हणूनच रात्री अंधारात न्हाणीघराकडे जाताना अनेकांची फजिती होते. सपाट रस्त्यावर ओळखीच्या गतीने चालताना ही यंत्रणा फारशी कसाला लागत नाही. पावले जवळ आणून उभे राहण्याचा पाया अरुंद केला, हाताचा आधार कमी केला किंवा शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेला, तरच तिला काम पडते.

घरी राहणाऱ्या वृद्धांच्या पडण्यावर व्यायामाचा काय परिणाम होतो, याचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2019 मध्ये 108 चाचण्या आणि तेवीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या आधारे आढावा घेतला. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटले, आणि सर्वांत भक्कम पुरावा तोल सांभाळण्याच्या व दैनंदिन हालचालींशी निगडित व्यायामांच्या बाजूने होता. नुसत्या चालण्याबाबत मात्र ठाम निष्कर्ष काढता आला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची मार्गदर्शक सूचनाही 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारे व्यायाम करावेत, अशीच आहे. चालणे सोडा असे कोणी म्हणत नाही. हृदयासाठी आणि मधुमेहासाठी ते हवेच. (सकाळच्या गप्पांसाठी तर हवेच हवे.)

माझी तक्रार उद्यानांविषयी आहे. गावोगावच्या बागांत खुल्या व्यायामशाळा झाल्या, पण त्यांतील बहुतेक साधने बसून किंवा दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून वापरायची आहेत. तोलाच्या व्यायामाला यंत्र लागत नाही. लागतो तो कंबरेच्या उंचीचा पक्का कठडा आणि त्याच्यापुढे न घसरणारी, पेव्हर ब्लॉक न उचकटलेली जमीन. कठड्याजवळ उभे राहून आधी पावले जुळवून, मग एक पाऊल अर्धे पुढे, मग टाचेला अंगठा लावून आणि शेवटी एका पायावर, प्रत्येकी दहा सेकंद उभे राहता येते. हाताचा आधार हळूहळू एका बोटावर आणता येतो. हास्यक्लबांत अनेकदा मोकळ्या मैदानाच्या मध्यभागी सर्वांकडून वृक्षासन करवून घेतले जाते, ते मला धोक्याचे वाटते. ज्यांना उठताना चक्कर येते किंवा जे झोपेच्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी आणि शेजारी कोणीतरी असावे.

नगरपालिकांनी यापुढे खुल्या व्यायामशाळेच्या प्रत्येक प्रस्तावात अशा एका कठड्याचा समावेश करावा आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी तो मागून घ्यावा, एवढीच विनंती आहे. तोपर्यंत स्वयंपाकघरातील ओटा हे काम उत्तम करतो.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सातारा