पंधरा-सोळा वर्षांच्या पुणेकरांचंही ऐकून घ्या

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, यांस
सप्रेम नमस्कार.

मी शिक्षिका होते. निवृत्त झाल्यापासून पर्वती पायथ्याजवळ, आंबील ओढ्याच्या काठच्या एका वस्तीत दर रविवारी मुलामुलींचा गट घेते. बरीचशी आठवी ते बारावीतली आहेत, काही आयटीआयला जातात, काहींनी शाळा सोडून गॅरेजमध्ये किंवा घरकामाला जायला सुरुवात केली आहे. आपल्या वस्तीबद्दल या मुलांना किती कळतं आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारं कुणी का भेटत नाही, हे आपल्यापुढे मांडायचं आहे.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा यातली बरीच मुलं पहिली-दुसरीत होती. कुणाला वडिलांनी खांद्यावर घेऊन बाहेर काढलं, कुणी रात्रभर शेजारच्या माळ्यावर बसून काढली. त्या रात्रीबद्दल ती फारशी बोलत नसत. मग गेल्या पावसाळ्यात जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून जोडली, त्यावर वस्तीच्या गल्ल्या काढल्या आणि एवढंच विचारलं, की पाणी आधी कुठून आलं? एका गल्लीतली मुलं म्हणाली, ओढ्यावरून. दुसऱ्या गल्लीतल्यांना ते पटेना. त्यांच्याकडे पाणी ओढ्याची भिंत ओलांडायच्या आधीच ड्रेनेजच्या चेंबरमधून उलटं वर आलं होतं. मग मुलं घरोघर जाऊन आज्यांना, मावश्यांना विचारून आली. चेंबरची जागा, पाणी भिंतीवर कुठवर चढलं त्या खुणा, आधी कुणाच्या घरात शिरलं तो क्रम, सगळं कागदावर आलं. ते बघताना दहावीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, मग नुसती भिंत उंच करून काय होणार? चेंबरला एकाच बाजूने उघडणारी झडप बसवता येत नाही का?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता येणार नाही. ते ड्रेनेज विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला देता येईल. पण पंधरा वर्षांच्या मुलाने अभियंत्याला गाठून असा प्रश्न विचारावा अशी जागा या शहरात आहे का? मी पुष्कळ शोधली.

महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली. देशात फार थोड्या शहरांनी तेव्हा हे धाडस केलं होतं आणि त्याबद्दल पुणेकर म्हणून मला आजही अभिमान वाटतो. पण या मुलांपैकी एकानेही कामं सुचवण्याचा तो अर्ज पाहिलेला नाही. अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकून घेतात तो लोकशाही दिन असतो महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अकरावीतली मुलगी सोमवारी कॉलेजात असणार, कामावर जाणाऱ्या मुलाचा खाडा होणार. शिवाय तिथे वैयक्तिक तक्रार घेतात, चेंबरची झडप ही एकट्याची तक्रार नव्हे. महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे आपापल्या भागातल्या नागरिकांच्या सभेची तरतूद आहे, पण ती सभा मतदारांची. म्हणजे ती उद्या नियमित भरू लागली तरी अठरा वर्षांखालच्यांना तिच्यात स्थान नाही. आणि मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षं तर मोठ्यांनाही दार ठोठवायला नगरसेवक नव्हता. ती सगळी वर्षं ही मुलं मोठी होत होती.

मुलांना प्रश्न मांडता येतात, पण ते आपोआप जमत नाही, शिकवावं लागतं. पहिल्या दिवशी सगळी एवढंच म्हणतात : कचरा फार, पाणी घाण, कोपऱ्यावर टवाळखोर. मी त्यांना चार गोष्टी विचारायची सवय लावते. नेमकं कुठे? कधी? त्रास कुणाला जास्त? आणि हे काम कुणाचं? कचऱ्याच्या एका ढिगाबाबत मुलं आधी शेजारच्या गल्लीला शिव्या देत होती. आळीपाळीने सकाळ-संध्याकाळ तिथे उभं राहून पाहिल्यावर लक्षात आलं, की पहाटे कामाला निघणाऱ्या बायका घरोघरचा कचरा गोळा करणारी ताई येण्याआधीच घराबाहेर पडलेल्या असतात आणि एका खोलीत दिवसभर ओला कचरा ठेवायला जागा नसते. शिव्या थांबल्या. त्या ताईंशीच बोलायचं ठरलं आणि आरोग्य कोठीतल्या, म्हणजे पालिकेच्या सफाई विभागाच्या स्थानिक ठाण्यातल्या, मुकादमांना वेळेबद्दल विचारायचं ठरलं. अशा चर्चेत मुलांच्या बोलण्यातला राग हळूहळू कमी होतो आणि नेमकेपणा येतो, हे मी डोळ्यांनी पाहते आहे.

मुलगे आणि मुली एकत्र बसवले की मुली गप्प होतात, म्हणून नकाशे वेगळे काढून घेतले. मुलग्यांच्या नकाशात मैदान, जिम, मंडळाचा मांडव आणि बस थांबा होता. मुलींच्या नकाशात दिवे होते. कुठला लागतो, कुठला आठवड्यातून दोनदा जातो, कुठल्या बोळातून सातनंतर जायचं नाही, सार्वजनिक संडासाच्या कुठल्या दाराला आतून कडी नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा मुलगे बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या बहिणी रोज लांबच्या वाटेने क्लासला जातात हे त्यांना माहीतच नव्हतं. दिवाबत्तीच्या खात्याला या नकाशाचा उपयोग होईल, असं मला मनापासून वाटतं.

याच शहरात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने आपल्या समाजाची दुःखं निबंधात मांडली आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती असं सांगतात. तिला लिहायला शिकवणारे गुरू भेटले, तिचं छापणारं वर्तमानपत्र भेटलं. आजच्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी तेवढं तरी करणं आपल्याला अवघड नसावं.

माझं मागणं असं. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने वर्षातून दोनदा, रविवारी, महापालिकेच्या एखाद्या शाळेत चौदा ते एकवीस वयाच्या मुलामुलींची सभा घ्यावी. एक सभा अंदाजपत्रकासाठी कामं मागवली जातात त्या सुमारास व्हावी, म्हणजे मुलांनी सुचवलेली कामं त्या यादीत जाऊ शकतील. सभेला सहायक आयुक्तांसोबत पाणीपुरवठा, ड्रेनेज आणि विद्युत विभागाचे अभियंते आणि आरोग्य निरीक्षक यांनी बसावं. मुलांना त्यांच्या भागाचा ड्रेनेजचा आणि पाण्याच्या लाइनचा नकाशा आधी पाहायला मिळावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला महिन्याभरात लेखी उत्तर मिळावं. "हे होणार नाही" असं उत्तर आलं तरी चालेल, पण का होणार नाही ते त्यात लिहिलेलं असावं. नकार समजून घेण्याइतकी ही मुलं शहाणी आहेत. मौन मात्र त्यांना फार लवकर कळतं, आणि मग ती विचारणं सोडून देतात.

याला मोठा खर्च नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तास काम करायचं असतं. त्यातले काही तास वस्तीतल्या मुलांचं ऐकून टिपून घेण्यात जावेत. समाजकार्य शिकणाऱ्यांसाठी याहून चांगला अभ्यास कुठला? जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा सगळं शहर पिण्याच्या पाण्याबद्दल बोलू लागलं. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं आणि ते साध्या किटने, रंग पाहून तपासता येतं. नववीतली मुलं ते वहीत नोंदवू शकतात. महापालिकेच्या हद्दीत समाविष्ट झालेल्या गावांमधल्या शाळांपासून सुरुवात करता येईल.

मुलं कुणाच्या तरी राजकारणासाठी वापरली जातील, अशी शंका काही पालकांनी माझ्याजवळ बोलून दाखवली. ती रास्त आहे. म्हणून सभेत कुठल्याही पक्षाचा फलक नको, नेत्याचा सत्कार नको, मुलांचे फोटो नकोत. छेडछाडीची जागा दाखवणाऱ्या मुलीचं नाव कुठल्याही कागदावर येता कामा नये. पण राजकारणाच्या भीतीने मुलांना अठरा वर्षं गप्प ठेवायचं आणि एकोणिसाव्या वर्षी त्यांनी विचार करून मतदान करावं अशी अपेक्षा धरायची, हे मला पटत नाही. कर्नाटकात मुलांच्या ग्रामसभा भरतात, पंचायतीचे सदस्य त्यांच्यासमोर बसतात. पुण्यात ते का होऊ नये?

ओढ्याचा नकाशा आणि मुलींचा दिव्यांचा नकाशा, दोन्ही आमच्याकडे तयार आहेत. पावसाळ्याआधीच्या कोणत्याही रविवारी ड्रेनेज विभागाचे एक अभियंता तासभर वस्तीत पाठवावेत. चेंबर मुलं दाखवतील आणि झडपेचा प्रश्न तो मुलगा स्वतः विचारेल.

आपली,
पर्वती पायथा परिसरातील एक निवृत्त शिक्षिका