बाबांचे केस धुणाऱ्या डॉक्टर मॅडमना

नमस्कार मॅडम,

पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून असं उघडं लिहितेय. तुमचं नाव मात्र घालत नाही.

माझे बाबा दुसऱ्यांच्या शेतात मजुरीने फवारणी करतात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली की पंपाची नळी वर धरून मारावं लागतं आणि वारा फिरला की सगळं तोंडावर, छातीवर येतं. त्या दिवशी तेच झालं. घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी. आधी जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथला पहिला प्रश्न होता, "घरात भांडण झालं होतं का?" आणि दुसरा, "किती औषध प्यायले?" आई परोपरीने सांगत होती, फवारून आले, प्यायले नाहीत. कोणी ऐकलं नाही. सलाईन लावलं, पण औषधाने भिजलेला सदरा अंगावर तसाच ठेवला. चार लोकांसमोर आईला ज्या नजरेने बघितलं गेलं, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तिथून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात आणलं. तुम्ही आईला एवढंच विचारलंत, "डबा आणलाय का? आणि घरी अंग धुतलं होतं का?" भावाने पिशवीतून फवारणीच्या औषधाचा डबा काढला. त्यावरचं प्रोफेनोफॉस हे कीटकनाशकाचं नाव तुम्ही वाचलंत, सिस्टरना त्यावरच्या उताऱ्याचं इंजेक्शन, ॲट्रोपिन, काढायला सांगितलंत आणि हातमोजे चढवून स्वतः साबण घेतलात. सदरा कापून काढला. केस, कानांच्या मागची बाजू, नखांच्या खाली साचलेलं, सगळं धुतलंत. शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांना सांगत होतात, विष कातडीतून अजून आत जातंय, ते अंगावर ठेवून नुसती इंजेक्शनं देत बसू नका.

आणि डोक्यावर पाणी घालताना बाबांना म्हणालात, "काका, डोळे मिटा हं, साबण जाईल."

मॅडम, बाबांना तेव्हा किती शुद्ध होती मला माहीत नाही. त्यांची छाती घरघरत होती. पण त्यांनी डोळे मिटले. दुपारपासून त्यांच्याबद्दल सगळे बोलत होते, त्यांच्याशी कोणीच बोललं नव्हतं. आई तिथेच भिंतीला टेकून रडली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच रडली. केसपेपरवर तुम्ही 'फवारणी करताना विषबाधा' असं स्पष्ट लिहिलंत, तेही तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

पुढचं सगळं इथे सांगत नाही. रोज सकाळी तुम्ही बाबांना उशीवरून मान उचलायला लावायचात, ते मात्र आठवतं. आम्हाला वाटायचं, आता बोलतात, जेवण मागतात, मग सोडत का नाहीत? तुम्ही समजावलंत की बरं वाटायला लागल्यावरही पहिल्या चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. चिडचिड न करता समजावलंत, आईला कळेल अशा शब्दांत.

2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. तेव्हाही मजुरालाच दोष देणारे होते, तोंडाला फडकं का नाही बांधलं म्हणून. रोजावर जाणाऱ्याला मास्क आणि हातमोजे कोण देतं, हे त्यांनी विचारलं नाही. तुम्ही आमच्या गावात आलात तेव्हा शेतमालकांना पुढे बसवून नेमकं हेच विचारलंत. डब्यावरचा त्रिकोण दाखवलात, लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. बायकांना सांगितलंत की फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका आणि डब्यासोबतचा कागद चुलीत घालू नका, उतारा त्यावर छापलेला असतो. तो कागद आता आमच्याकडे जपून ठेवतात. शिकलेला माणूस गरिबाचं म्हणणं खरं धरून चालला, की निम्मा आजार तिथेच हलका होतो, असं आई म्हणते. मलाही तसंच वाटतं.

बाबा बरे आहेत. फवारणीला जातात, कारण दुसरं काम मिळत नाही. पण मालकाने हातमोजे दिल्याशिवाय पंप पाठीवर घेत नाहीत.

शेजारच्या गावातली माणसं विचारताहेत, मॅडम आमच्याकडे कधी येतील? पोळ्याच्या आधी जमलं तर बघा. बसस्टँडवर घ्यायला भाऊ येईल आणि जेवण आमच्याकडेच.

तुमची,
फवारणी करणाऱ्या काकांची मुलगी