रेडिओचा दिवा करण्याआधी व्हॉल्व्ह काढून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आजोबांच्या रेडिओचा टेबललॅम्प कसा करायचा, ते सचित्र दिलं होतं. पॉलिश केलेलं लाकडी खोकं, डायलमागे एलईडीची पट्टी, सगळं देखणं. पण मध्येच एक ओळ होती : 'आतले निरुपयोगी भाग काढून टाका.' हे पत्र त्या एका ओळीपुरतं. त्या भागांत व्हॉल्व्हही येतात : ट्रान्झिस्टरच्या आधी रेडिओत असायच्या त्या, आतल्या तारेनं तापणाऱ्या काचेच्या नळ्या.

मी मिरजेची. कॉलेजच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत सहायक म्हणून ३१ वर्षं काढली. ट्रायोड या साध्या व्हॉल्व्हचं प्रॅक्टिकल अभ्यासक्रमातून गेलं तेव्हा त्याचे बोर्ड आणि खोकंभर व्हॉल्व्ह भंगारात निघाले. डेड स्टॉक रजिस्टर पुढ्यात घेऊन निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून काढायच्या वस्तूंची यादी मीच केली, ती माझ्याच अक्षरात आहे. भंगारवाल्यानं तांब्यासाठी ट्रान्सफॉर्मर उचलले आणि व्हॉल्व्ह तिथंच मागच्या अंगणात फोडले. काचेला भाव नाही म्हणाला. तेव्हा मला काही वाटलं नाही. वाटलं ते निवृत्तीनंतर, स्वतःला ईसीएल ८२ नावाचा एक व्हॉल्व्ह मिळेना तेव्हा.

सासऱ्यांचा रेडिओ माळ्यावर पडून होता. खोकं वाळवीनं खाल्लेलं, म्हणजे दिवा करण्याच्याही लायकीचं नव्हतं, म्हणून वाचला म्हणा. आत चार व्हॉल्व्ह : ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२ आणि रेक्टिफायरचा, म्हणजे एसीचं डीसी करणारा ईझेड ८०. काचेवर भारत इलेक्ट्रॉनिक्सचा पुसट छाप. बंगळूरच्या या कारखान्यानं १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. त्या वर्षी मी जन्मलेही नव्हते, आणि तार अजून लालबुंद तापत होती.

रात्री घरच्यांची झोप न मोडता जुनी रेकॉर्डिंग ऐकायची, म्हणून हेडफोनचा ॲम्प्लिफायर करायचं ठरवलं. हिशेब सोपा होता. रेडिओचा ट्रान्सफॉर्मर चार व्हॉल्व्हच्या तारा आणि डायलचे दोन दिवे मिळून अडीच अँपिअर पुरवत होता. डाव्या-उजव्या कानासाठी दोन ईसीएल ८२ आणि जुनाच ईझेड ८० घेतला, तर सव्वादोनच्या आत भागतं. फक्त दुसरा ईसीएल ८२ हवा. त्यासाठी लेकानं पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार घातले. त्याला एवढंच सांगून ठेवलं होतं, की काचेच्या माथ्याशी आतून चंदेरी मुलामा असतो तो बघ. चकचकीत असेल तर घे. दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, फुकट दिला तरी नको.

खरी गंमत पुढे. व्हॉल्व्हला समोर पाच हजार ओहमचा भार लागतो आणि हेडफोन असतो ३२ ओहमचा. मध्ये साडेबारास एक वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर हवा. सांगलीच्या एका वाइंडिंगवाल्यानं दोन करून दिले, काम सफाईदार, पण तबल्याचा बायाँ ऐकूच येईना. त्यानं नेहमीच्या सवयीनं स्टॅम्पिंग, म्हणजे गाभ्याचे लोखंडी पत्रे, एकाआड एक उलटसुलट भरलेलं. इथे तारेतून सतत एका दिशेनं करंट वाहतो, त्यानं लोखंड भरून जातं आणि खालचे सूर आधी मरतात. मी ते खोललं, सगळे ई-आकाराचे पत्रे एका बाजूला घेतले, आयचे दुसऱ्या, आणि मध्ये जुन्या पोस्टकार्डाची पट्टी घातली. बायाँ परत आला.

मग घुंई. खोलीभर दूर ठेवलेल्या स्पीकरमध्ये खपून जाणारी घुंई कानाला चिकटलेल्या हेडफोनमध्ये असह्य होते. शेजारी तंबोरे करणारे अण्णा राहतात. त्यांच्या कानाला हेडफोन लावला. डोळे मिटून म्हणाले, "वहिनी, हा पांढरी पाचचा सा आहे. थोडा चढा लागलाय." पांढरी पाच म्हणजे ९८ हर्ट्झ, थोडा चढा म्हणजे बरोबर १००, घरातल्या मेन्सच्या विजेच्या ५०च्या दुप्पट! म्हणजे रेक्टिफायरनंतरचं गाळणं अपुरं. एक चोक, म्हणजे लोखंडावरची तारेची गुंडाळी, आणि वीज साठवणारा आणखी एक कंडेन्सर वाढवला. अण्णा परत आले. "आता खर्जातला सा राहिलाय." म्हणजे ५०, मेन्सचाच. तापत्या तारांना वीज नेणाऱ्या वायरी पिळून चेसिसच्या, म्हणजे लोखंडी सांगाड्याच्या कोपऱ्यात दाबल्या, हेडफोनचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर पॉवर ट्रान्सफॉर्मरला काटकोनात फिरवले. हजारो रुपयांचं मीटर घ्यायला निघाले होते, ते वाचले.

हे व्हॉल्व्हप्रेमी 'ऊबदार आवाज' वगैरे म्हणतात, त्यात मी पडत नाही. बाजारातल्या शंभर-दोनशे रुपयांच्या चिपचा आवाज मोजमापाला याच्यापेक्षा शुद्ध भरेल. व्हॉल्व्ह सुरात भेसळ करतो. पण ट्रायोडसारखा जोडला तर ती मुख्यतः दुप्पट कंपनांची असते, म्हणजे सा वाजला की बारीकसा तार सा मिसळतो. बेसूर कुठून वाटणार? अण्णांना हे सांगितलं तर तंबोऱ्याच्या घोडीवरचा, तार गुंजवणारा सुताचा धागा केसभर सरकवत म्हणाले, "मग आम्ही जवारी लावतो ती काय वेगळी?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या पुरवणीनं लिहायलाच हवी होती. माळ्यावरून काढलेला रेडिओ 'चालतो का बघू' म्हणून थेट प्लगमध्ये घालू नये. व्हॉल्व्हचं नाव 'यू'नं सुरू होत असेल, यूसीएल ८२, यूवाय ८५ असं, तर त्या सेटला बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो, लोखंडी चेसिस सरळ मेन्सच्या एका वायरला जोडलेलं असतं. नॉब निघालेल्या दांड्याला हात लागला तरी संपलं. ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्येही कंडेन्सरवर दोन-अडीचशे व्होल्ट प्लग काढल्यावरही राहतात. विद्यार्थ्यांना ३१ वर्षं हेच सांगत आले, आणि स्वतः एका दुपारी चहाच्या घाईत हात घातला. कोपरापर्यंत मुंग्या आल्या, कप फुटला. तेव्हापासून कंडेन्सरवर साठलेली वीज उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर कायमचा लावलाय, आणि चेसिस उलटं केलं की डावा हात पाठीमागे, करंट छातीतून जायला नको म्हणून.

तेव्हा दिवा खुशाल करा. फक्त व्हॉल्व्ह अलगद सरळ वर ओढून काढा, आपल्याच वर्तमानपत्राच्या कागदात एकेक गुंडाळा आणि गावातल्या जुन्या रेडिओ मेकॅनिकला नेऊन द्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मरही द्या. आणि कॉलेजांमध्ये निर्लेखनाच्या याद्या करणाऱ्या माझ्या बहीणभावांनी भंगारवाल्याला बोलावण्याआधी सूचना फलकावर आठ दिवस एक कागद लावावा. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. मी लावला नाही, एवढंच.

माझ्याकडे दोन ईझेड ८० जादा आहेत. जोडीला ठेवायला एक ईसीएल ८२ हवा आहे, मुलामा चंदेरी असलेला. पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, मिरज