बाई, मधेच पेन्सिल माझ्या हाती दिलीत म्हणून

आदरणीय बाई,

सादर प्रणाम. माझे नाव आपल्या हजेरीपटावर कधीच नव्हते, आणि तरीही निवृत्तीनंतरची एक अख्खी दुपार आपण कोथरूडच्या घरी माझ्यासाठी काढलीत. त्याचे आभार खासगीत मानून माझे समाधान होईना, म्हणून हे उघड पत्र.

जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन काढून घेतलेल्या युरेनियमच्या आयनांची ऊर्जा मी मोजत होतो. आधारसंच, म्हणजे ज्या ठराविक फलनांच्या बेरजेने इलेक्ट्रॉनाचे वर्णन करतो त्यांचा संच, वाढवला की ती स्थिरावायला हवी. माझी मात्र थांबण्याचे नाव न घेता खाली घसरत होती. ज्या मोठ्या संस्थेतून प्रोग्रॅम मिळाला, तिथल्या तज्ज्ञांनी आधी मी कोणाचा विद्यार्थी ते विचारले आणि मग ‘आधारसंच आणखी मोठा घ्या’ एवढे सांगून वाटेला लावले, म्हणजे रोगच औषध म्हणून दिला.

आपण गुरूंचे नाव विचारले नाही, लॅपटॉपही उघडू दिला नाही. ‘एकच इलेक्ट्रॉन ठेव,’ म्हणालात, एक पाठकोरा कागद पुढे ओढलात आणि सापेक्षतावाद धरणाऱ्या डिराकच्या सूत्रात युरेनियमचा अणुक्रमांक 92 घालून पायरी पायरीने लिहू लागलात. उत्तर आपल्याला तोंडपाठ असणारच. तरीही वर्गमूळाशी येताच आपण थांबलात आणि पेन्सिल माझ्या हाती दिलीत. बंधनऊर्जा, म्हणजे तो इलेक्ट्रॉन केंद्रकापासून सोडवायला लागणारी ऊर्जा, सुमारे 132 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट आली. सापेक्षतावाद न धरणाऱ्या श्रोडिंगरच्या समीकरणाने ती 115च येते. इतक्या वर्षांत माझ्या विषयातला एखादा आकडा माझ्याकडून असा कोणी काढून घेतला नव्हता.

एकाच इलेक्ट्रॉनवरही प्रोग्रॅमची ऊर्जा उणे 132च्याही खाली घसरली, तेव्हा दोष इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणाचा नाही हे उघड झाले. डिराकच्या समीकरणात इलेक्ट्रॉनाच्या तरंगफलाचे मोठा आणि लहान असे घटक असतात; मोठ्याशी लहानाचा मेळ घातलेलाच नव्हता, त्यामुळे ऋण ऊर्जेच्या अवस्था हिशेबात मिसळत होत्या. हा मेळ बसवणारी गतिज संतुलनाची अट घालताच आकडा जागेवर बसला. केंद्रकाचा आकार आणि क्वांटम विद्युत्‌गतिकी (इलेक्ट्रॉन आणि प्रकाश यांच्या परस्परक्रियेचा सिद्धांत) यांची मिळून होणारी, जर्मनीत डार्मस्टाटला मोजलेली सुमारे 460 इलेक्ट्रॉनव्होल्टची दुरुस्ती मी उत्साहाने काढली, त्यावर आपण म्हणालात, ‘आधी किलो सांभाळ, मग व्होल्ट.’ हे वाक्य मी टेबलासमोर चिकटवले आहे.

ज्ञान असलेली माणसे पुण्यात पुष्कळ आहेत; समोरच्याला लहान न करता ते देणारी मला तरी फार भेटली नाहीत. आता दोन इलेक्ट्रॉनांच्या आयनात ब्राइटची परस्परक्रिया, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या प्रतिकर्षणातली चुंबकीय आणि विलंबाची दुरुस्ती, घालतो आहे. आकडे स्थिरावले की कोरे कागद घेऊन येईन.

आपला कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थी, पुणे